एका प्याल्याला सगळ्यांचं तोंड

प्याला माझ्या हातांवरून गेला.

मी दोन्ही हात पुढं धरले होते. माझ्या डावीकडचा माणूस प्यायला, त्यानं तोंड पुसलं. मोठ्या मास्तरांनी त्याच्याकडून प्याला घेतला, कडेवरून पांढरा रुमाल फिरवला, आणि माझ्या हातांवरून उचलून उजवीकडच्या माणसाला दिला. मला वाटलं, चुकून झालं. म्हणून हात तसेच धरून ठेवले. मास्तर पुढं गेले. सगळं बाक प्यायलं. मागचं बाकही प्यायलं. माझे हात तसेच.

भाकरीचा तुकडा त्याआधी पाळकसाहेबांनी दिला होता. तो तोंडात होता. कोरडा. गिळेना.

मग मास्तर मेजापाशी परत गेले आणि मऊ आवाजात म्हणाले, "ज्याची जीभ स्वच्छ नाही, त्यानं या प्याल्याला तोंड लावू नये. प्रेमानं सांगतोय."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. सगळं चर्च वळून माझ्याकडं बघत होतं. बायकांच्या बाजूला माझी आई बसली होती. तीही बघत होती.

मला राग आला नाही. लाज पण वाटली नाही. हात बधिर झाले होते, एवढंच आठवतं. मिलमध्ये पाळी सुटल्यावर व्हायचे तसे.

ही सोलापूरची गोष्ट. बहात्तरच्या दुष्काळानंतरची. मी तेव्हा तिशीच्या आतबाहेर. शिक्षण चौथी, तेही धड नाही. भवानी पेठेत एका खोलीत मी, बायको, दोन पोरं आणि आई. आम्ही मराठी ख्रिस्ती. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं. येशूनं मरायच्या आधी शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, त्याची आठवण. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षाचा रस. आमच्या चर्चमध्ये रसाचा प्याला एकच होता. चांदीचा, दोन कानांचा. पहिल्या बाकापासून निघायचा आणि एकेकाच्या तोंडाला लागत शेवटच्या बाकापर्यंत जायचा, मग बायकापोरांच्या बाजूला.

ह्या एका प्याल्यासाठी माझी आई ख्रिस्ती झाली.

हे मी फुगवून सांगत नाही. तिचं गाव टेंभुर्णीच्या अलीकडं. आम्ही महारवाड्यातले. गावात तिला पाणी मिळायचं ते वरून. बाई वर उभी, आई खाली बसलेली, ओंजळ तोंडाशी, आणि वरून धार. भांड्याला हात लावायचा नाही. अर्धं पाणी नाकातोंडात, अर्धं लुगड्यावर. पुढं बाप सोलापुरात मिलला लागला. तिथं शेजारीण तिला चर्च बघायला घेऊन गेली. आईनं बघितलं, एकच प्याला, आणि त्याला सगळ्यांचं तोंड. बाकीचं शास्त्र तिला कधी फारसं कळलं नाही. तेवढं कळलं. बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मी तिच्या कडेवर होतो.

प्यायची पण कशी. डोळे मिटून. एकच घोट, पण तो लवकर गिळायची नाही. घरी येईपर्यंत कुणाशी बोलायची नाही.

म्हणून त्या दिवशी घरी आल्यावर ती बोलली नाही त्याचं मला काही वाटलं नाही. पण ती जेवलीही नाही. शेवटी म्हणाली, "तू कुणाला काय बोलला रं?"

सांगितलं. आता तुम्हालाही सांगतो.

मी मिलमध्ये मागांच्या खात्यात होतो. विणकर. मागांच्या खात्यात आमच्या माणसाला पूर्वी घेत नसत. कारण असं, की धोट्यात, म्हणजे मागावर इकडून तिकडं पळून सूत घालणाऱ्या लाकडी होडीत, सुताची कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या बारक्या भोकातून बाहेर काढावं लागतं. ते काढायचं तोंडानं. भोकाला ओठ लावायचे आणि सूत ओढून घ्यायचं. एका मागाचा धोटा दिवसा एकाच्या तोंडाला, पाळी बदलली की दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून आमची माणसं गाठी उचलायला, झाडायला, कांड्या भरायला. मागावर नाही. मी लागलो तो ख्रिस्ती नावावर. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. काम चांगलं होतं माझं.

मग आईच्या गावचा एक बदली कामगार आमच्या खात्यात आला. त्यानं मला ओळखलं. झालं.

दुसऱ्या दिवशी माझ्या धोट्यांना लाल दोरा बांधलेला. जॉबरनं बांधला होता. जॉबर म्हणजे आमच्या ओळीचा मुकादम, त्याच्या हातात सगळं. लाल दोऱ्याचे धोटे माझे. पाळी सुटली की ते वेगळ्या फळीवर ठेवायचे. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

तुम्हाला एक सांगायला पाहिजे. मागांच्या खात्यात बोललेलं ऐकू येत नाही. शेकडो माग एकदम चालतात. माणूस कानाशी येऊन ओरडला तरी नुसता वारा लागतो. म्हणून आम्ही सगळे ओठ वाचायचो. चार ओळींपलीकडचा माणूस काय म्हणतोय ते कळायचं. चेष्टा, मस्करी, पोरीबाळींची लग्नं, युनियनची भांडणं, सगळं ओठांवर. आवाज कुणी काढायचाच नाही. काढून उपयोग काय.

त्या दिवशी चुकून माझा एक धोटा शेजारच्या मागावर गेला. जॉबरनं बघितलं. तो तिथंच उभा राहिला, माझ्याकडं तोंड केलं, आणि सावकाश, एक एक शब्द दिसेल असं बोलला. "तुझ्या तोंडानं धोटा बाटला."

नुसते ओठ. आवाज नाही. पण सगळ्या ओळीनं वाचलं.

मीही ओठांनीच उत्तर दिलं. त्याच्या आईवरून. ती शिवी इथं लिहीत नाही. तेव्हाही ती कुणी ऐकली नाही. बघितली.

बघणाऱ्यांत एक टाइमकीपर होता. तो मोठ्या मास्तरांचा पुतण्या. आमच्याच चर्चचा. त्यानं मास्तरांना सांगितलं की अमुक तमुक मिलमध्ये आईबहिणीवरून बोलतो. जॉबर आधी काय बोलला, ते त्यानं सांगितलं नाही. लाल दोरा तर त्याला रोजच दिसत होता.

आता मोठे मास्तर. ते मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच. शाळेतून निवृत्त झालेले, स्वच्छ धोतर, काळा कोट, सोनेरी काडीचा चष्मा. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. त्यांचा आजा कुठल्या वेशीबाहेरून आला होता ते ते सांगायचे नाहीत, आणि विचारणारा कुणी नव्हता. माणूस गोड बोलायचा. त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द कुणी ऐकला नाही. जिभेवरचा उपदेश तर त्यांचा ठरलेला. घोड्याच्या तोंडात लगाम असतो, मोठ्या जहाजाला बारकं सुकाणू असतं, तसं जिभेचं. आणि एवढीशी ठिणगी सगळं रान पेटवते. ऐकायला लई चांगलं वाटायचं. मला ते पटायचं, आजही पटतं. जे शास्त्रात आहे ते खरं आहे. माझं भांडण शास्त्राशी कधी नव्हतं.

पाळकसाहेब त्यांच्यापुढं बोलत नसत. तरुण माणूस, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला. घर मंडळीनं दिलेलं.

मास्तरांनी निरोप पाठवला. मोठी मेहेरबानी केल्यासारखा. पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तयारीची सभा असते. ज्यांची भांडणं असतील त्यांनी त्या सभेत ती मिटवायची, म्हणजे रविवारी स्वच्छ मनानं मेजापाशी येता येतं. ही आमच्यातली जुनी रीत. चांगली रीत. तर त्या सभेत मी मेजापाशी उभं राहायचं आणि मास्तर सांगतील तसं त्यांच्यामागून म्हणायचं. म्हटलं की रविवारी प्याला परत.

आई म्हणाली, "म्हण की लेकरा. शब्दच हायत. काय झिजतंय का तुझं?"

मी म्हणालो, शिवी दिली हे मी कबूल करतो. मग तर सोपंच हाय, म्हणाली. तिनं माझा शर्ट धुऊन ठेवला. दगडावर आपटून आपटून.

सभेच्या आधीच्या आठवड्यात मी कामावर गेलो, आलो. लाल दोऱ्याचे धोटे घेतले, फळीवर ठेवले. जॉबर समोरून गेला की ओठांवर काहीतरी यायचं. मग सूत दातात धरायचो. सूत ओठात असलं की शिवी देता येत नाही. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही. त्या आठवड्यात सापडली, मग आयुष्यभर पुरली. मनात काय चाललं होतं विचाराल तर काही नाही. आतून रिकामं. भात खाल्ला काय, भाकरी खाल्ली काय, चव नाही.

शनिवारी ऊन उतरल्यावर सभा. माणसं बरीच. मिलमधली आमची माणसं नेहमीसारखी मागच्या बाकांवर. जुनी घराणी पुढं. तसं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. आपोआप तसं व्हायचं. आई बायकांच्या बाजूला, कडेला, मला दिसेल अशी.

मला मेजापाशी बोलावलं. मास्तर माझ्या बाजूला, पाळकसाहेब मेजाच्या अलीकडच्या कोपऱ्याशी, बाकांच्या बाजूला. मास्तर म्हणाले, "बाळ, मी म्हणतो तसं म्हण." मला दोन पोरं होती. तरी बाळ.

पहिलं वाक्य त्यांनी सांगितलं. मी माझ्या जिभेनं पाप केलं.

मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. कारण ते खरं होतं. जॉबरच्या आईनं माझं काय केलं होतं? तीही कुठंतरी भाकरी थापत बसली असेल. तिला मी चिखलात ओढलं. ते मी देवापुढं ठेवलं आणि मोकळा झालो. तेवढ्यावर संपलं असतं तर आज हे लिहायला बसलो नसतो.

दुसरं वाक्य सांगितलं. "मी अशुद्ध तोंडाच्या लोकांत जन्मलो. मंडळीनं दया करून मला शुद्ध केलं."

मी थांबलो.

मास्तरांनी वाक्य परत सांगितलं. तसंच, मऊ. मी आईकडं बघितलं. ती ओठ हलवत होती. म्हण. म्हण की.

अशुद्ध तोंडाच्या लोकांत म्हणजे कुणात? तिच्यातच की. जिच्या तोंडून मी आयुष्यात शिवी ऐकली नाही. जी घोट गिळायला घरापर्यंत वेळ लावायची. आणि तीच मला सांगत होती, म्हण.

माझी जीभ उचलेना. रागानं नव्हे. नुसती उचलेना.

माझ्या गप्प राहण्याचा मास्तरांना कंटाळा आला. त्यांनी तोंड पाळकसाहेबांकडं वळवलं, चेहरा हसरा ठेवला, आणि हळूच काहीतरी बोलले. इतकं हळू की पाळकसाहेबांना पुढं वाकावं लागलं. पुढच्या बाकालाही ऐकू गेलं नसेल. मला तर नाहीच. माझे कान तेव्हाच अर्धे गेले होते.

पण मी विणकर होतो. आणि मास्तरांचे ओठ माझ्यापासून हातभर लांब होते.

ते बोलले ते असं. "यांच्या तोंडचं आपल्या लेकरांच्या तोंडी लागतं. म्हणून म्हणत होतो, यांना सगळ्यांत शेवटी देत जा."

मी ते ओठ बघितले. आणि मला दुसरे ओठ दिसले. जॉबरचे. एक तंबाखूचे काळे, एक स्वच्छ दाढी केलेल्या तोंडातले. बोलणं एकच. जॉबर निदान माझ्याकडं तोंड करून बोलला होता.

इतके दिवस अंगाला ज्या मुंग्या आल्या होत्या, त्या तिथं उतरल्या. गरम वगैरे काही वाटलं नाही. एवढंच झालं की सगळं स्पष्ट दिसायला लागलं. चांदीचा प्याला. मास्तरांच्या खिशातला पांढरा रुमाल. हा रुमाल माझ्या बाकाशी आल्यावरच बाहेर निघतो, पुढच्या बाकांवर निघत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघितलं होतं. बघूनही बघितलं नव्हतं.

मी म्हणालो, "मास्तर, आत्ता पाळकसाहेबांना जे बोलला, ते मोठ्यानं बोला."

ते म्हणाले, "मी प्रार्थना करत होतो, बाळ. तुझ्यासाठी."

अडखळले पण नाहीत.

मग मीच बोललो. त्यांचं वाक्य, त्यांच्याच शब्दांत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कमी नाही, जास्त नाही.  पाळकसाहेब मेजावरच्या कापडाची घडी नीट करायला लागले. मी मागं वळून बघितलं. मागच्या बाकांवर माझ्याच खात्यातली झाडणारी, कांड्या भरणारी माणसं बसली होती. मास्तरांनी तोंड वळवलं तेव्हा ते त्यांच्या बरोबर समोर आलं होतं. चार ओळींपलीकडचं वाचणारी माणसं ती. त्यांनी वाचलं होतं. सगळ्यांनी. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. आणि सगळे फरशीकडं बघत होते.

कुणी एक शब्द बोललं नाही. ते मला मास्तरांच्या वाक्यापेक्षा जड गेलं. आजही जातं.

मास्तर म्हणाले, "जीभ आवर."

मी म्हणालो, "आवरली की. म्हणून तर शिवी न्हाय दिली."

मग मी म्हणालो, पहिलं वाक्य माझं होतं, मी म्हटलं. दुसरं तुमचं हाय, तुमी म्हणा. ज्या तोंडानं देवाचं गाणं म्हणता, त्याच तोंडानं देवानं घडवलेल्या माणसाला घाण म्हणता. ज्या अध्यायातनं तुमी जिभेचा उपदेश करता, त्यातच हे पण लिहिलंय. ते तुमी कधी वाचून दाखवलं न्हाय.

एवढं बोलून मी जागेवर जाऊन बसलो. मागं नाही. पुढच्या बाकावर, मास्तरांच्या मुला-पुतण्यांच्या ओळीत. सरका म्हणालो. सरकले.

सभा कशी संपली मला माहीत नाही. प्रार्थना झाली असणार.

 घरी येऊन आई म्हणाली, "माझा प्याला बी घालवलास." तेवढंच.   तिचा प्याला कुणी बंद केला नाही, ती पुढंही पीत राहिली, पण डोळे मिटून पिताना मी तिला परत बघितलं नाही. डोळे उघडे असायचे. प्याला हातात आला की ती मी बसायचो त्या बाकाकडं बघायची. माझ्याशी धड बोलायला तिला लई दिवस लागले. मरताना तिनं माझा हात धरला होता. पण तू बरोबर केलंस असं ती म्हणाली नाही. मी ते तिच्या तोंडात घालणार नाही.

सोमवारी मिलमध्ये मी धोट्यांचे लाल दोरे दातानं तोडले. जॉबर आला. मी त्याच्याकडं तोंड केलं आणि ओठांनी सावकाश सांगितलं, दोरा पुन्हा बांधशील तर मी पुन्हा तोडीन. शिवी एक नाही.  शिवीला त्याच्याकडं उत्तर होतं, ह्याला नव्हतं. आठवड्याच्या आत मला मागावरून काढून गाठी उचलायला टाकलं. पगार उतरला. पुन्हा मागावर मी कधी चढलो नाही. बायकोनं शेंगा फोडायचं काम धरलं. कुणी म्हणेल, मग मिळालं काय? काही मिळालं नाही.

मी चर्च सोडलं नाही. लई जणांनी सांगितलं, सोड, दुसरीकडं जा. का म्हणून? ते मास्तरांच्या बापाचं होतं? महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पुढच्या बाकावर बसायचो. हात पुढं धरायचो. मास्तर प्याला माझ्या हातांवरून न्यायचे. मी हात खाली घ्यायचो नाही. मास्तर म्हातारे झाले, त्यांचे हात कापायला लागले, तरी नेत राहिले. एकदा रस माझ्या मनगटावर सांडला. मी पुसला नाही. चाटलाही नाही. तसाच वाळू दिला.

मास्तर गेले. पाळक बदलले. नंतरच्या एका पाळकांनी घरी येऊन सांगितलं की झालं गेलं सोडा, तुमच्यावरची बंदी आता उठली, रविवारी प्रभुभोजन घ्या. मी गेलो. बघतो तर चांदीचा प्याला कपाटात. एका तबकात बोटाएवढे काचेचे पेले, एकेकाला वेगळे. आरोग्याच्या दृष्टीनं बरं असतं, असं पाळक म्हणाले. सगळे खूश होते. कुणाचं तोंड कुणाच्या तोंडाला लागायला नको. तबक माझ्यापुढं आलं. पाळकांनी एक पेला उचलून माझ्या हातात द्यायला धरला.

मी हात मागं घेतले.

आता माझे कान पूर्ण गेलेत. जुळे सोलापुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. सून समोर येऊन बोलते, म्हणजे मला ओठ दिसतात. रविवारी मुलगा गाडीवरून चर्चमध्ये सोडतो. उपदेश ऐकू येत नाही, वाचतो. पुढच्या बाकावरून सगळ्यांचं दिसतं. कोण स्तुती म्हणतो, कोण म्हणता म्हणता शेजारच्याला काय म्हणतो. कुणाला टोचणारं काही दिसलं की उपासना संपल्यावर त्याच्यापुढं जाऊन उभा राहतो आणि त्याचं वाक्य त्याला परत सांगतो. माणसं मला टाळतात. टाळू देत.

त्या शनिवारनंतर माझ्या तोंडून शिवी गेलेली नाही. हे मी मास्तरांसाठी केलं नाही, जॉबरसाठीही नाही. देवानं दिलेली जीभ आहे, ती घाणीला वापरायची नाही. पण ती गिळूनही टाकायची नाही.

आणि प्याल्याचं म्हणाल तर तो चांदीचा प्याला अजून कपाटात आहे. मी दर पहिल्या रविवारी पाळकांना विचारतो, काढताय का? ते हसतात. ज्या दिवशी तो बाहेर निघेल, मागच्या बाकापासून सुरू होईल आणि रुमाल न फिरवता पुढच्या बाकापर्यंत येईल, त्या दिवशी मी पिईन. तोवर तबक आलं की हात मागं. तोंड कोरडं राहिलं तरी चालेल.